खर्जाचे वजन

वजन हा वस्तूचा गुण मानावा की दोष, याचा निवाडा अद्याप कोणी केलेला दिसत नाही. सोने घेताना तराजूचा काटा आपल्या बाजूला झुकावा म्हणून आपण डोळे लावून बसतो. तेच आपण प्रवासाची ट्रंक उचलताना, ती रिकामी असती तर बरे, असे म्हणतो. ‘वजनदार माणूस’ हा गौरव आहे आणि ‘जड माणूस’ ही तक्रार आहे. वस्तुतः दोघांत फरक एवढाच, की पहिल्याचे ओझे दुसरे कोणी वाहते आणि दुसऱ्याचे आपल्याला वाहावे लागते. या साध्या भेदाचा विचार करण्याची पाळी यंदाच्या उन्हाळ्यात मजवर आली, आणि ती आणली एका लोखंडी पेटीने.

धाडच्या आमच्या वडिलोपार्जित घराच्या मागच्या खोलीत ही पेटी गेली तीस वर्षे बसून आहे. ‘ठेवलेली आहे’ असे न म्हणता ‘बसून आहे’ असेच म्हटले पाहिजे. कारण तिला उठवायचे म्हणजे दोन माणसांनी कमरा बांधाव्या लागतात. बाहेरून काळा पत्रा, दर्शनी बाजूस चार गुंड्या आणि एक लहानसा तांबडा दिवा, मागे जाळी. एवढेच तिचे रूप. शेजारी धान्याच्या कोठीएवढी तिची जोडीदारीण, म्हणजे स्पीकरची पेटी, उभी आहे. माझ्या धाकट्या काकांचा हा बास गिटारचा अँप्लिफायर. आत ट्रान्झिस्टर नव्हेत, जुन्या रेडिओत असत तसे काचेचे व्हॉल्व्ह आहेत, आणि नुसत्या या पेटीचे वजन पस्तीस किलो भरते.

काका जाऊन सात वर्षे झाली. घरात आता काकू एकट्याच असतात. मागच्या खोलीचे धाबे दोन पावसाळे गळत होते. यंदा ते उतरवून स्लॅब टाकायचा आणि पहिल्या पावसाच्या आत खोली पुरी करायची, असे ठरले. खोली रिकामी करताना पाटा-वरवंटा, पितळी हंडे, मोडका पाळणा, सर्वांना कोठे ना कोठे जागा मिळाली. ही पेटी मात्र तशीच राहिली, आणि तिच्याबरोबर एक प्रश्न राहिला: ठेवायची, की विकायची?

धाड हे बुलढाण्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे मोठे गाव. येथे वऱ्हाड संपते आणि थोडे पुढे गेले की मराठवाडा लागतो. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत पलीकडे निजामाचा अंमल होता. मिरची, कापूस आणि अलीकडे मका व सोयाबीन, हे येथील बोलण्याचे विषय. गाणे म्हणावे तर देवळातले भजन, उरुसातली कव्वाली आणि लग्नातली वाजंत्री. अशा गावातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने बास गिटार हातात घ्यावी, हे त्या काळी नवलच होते. काका मॅट्रिकनंतर जालन्यास एका नातलगाकडे राहिले, तेथे एका ख्रिस्ती वादकाच्या सहवासात त्यांना हे वाद्य सापडले, आणि पुढे पंधरा-वीस वर्षे जालना, चिखली, खामगाव, मलकापूर अशा गावांतून वाद्यवृंदांच्या साथीला ते जात राहिले. शेती सोडली नाही. पण गणपती, नवरात्र आणि लग्नसराई या दिवसांत ते घरी सापडत नसत.

हे वाद्य तसे वयाने फार मोठे नाही. खर्जाचे सूर धरण्यासाठी पूर्वी पाश्चात्त्य वादक पुरुषभर उंचीचा डबल बास उभा धरून वाजवीत. 1951 साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी गळ्यात अडकवून वाजविता येईल अशी विजेवरची बास गिटार विक्रीस आणली आणि वाद्य हलके झाले. पण निसर्गाचा हिशेब असा सहजासहजी चुकत नाही. वाद्यातून जे वजन कमी झाले ते अँप्लिफायरमध्ये जाऊन बसले. 1969 साली अँपेग या अमेरिकन कंपनीने मोठ्या मैदानांतील मैफलींसाठी तीनशे वॅटचा आणि चौदा व्हॉल्व्हचा एक अँप्लिफायर काढला. स्पीकर सोडून नुसते त्याचे धूडच चाळीस किलोंच्या घरात होते. त्याचे चित्र काकांनी एका इंग्रजी मासिकातून कापून वहीत चिकटविले होते. आयात-परवान्यांच्या त्या दिवसांत परदेशी यंत्र विकत घेणे हे धाडच्या शेतकऱ्याच्या स्वप्नातही बसण्यासारखे नव्हते. तेव्हा 1979 साली मुंबईस जाऊन लॅमिंग्टन रोडवरील एका कारागिराकडून त्यांनी शंभर वॅटचा हा अँप्लिफायर बांधून घेतला. त्यासाठी एक बैल विकला. एका बैलाने नांगर चालत नाही. म्हणून पुढची दोन वर्षे शेजाऱ्याशी सावड करून पेरण्या उरकल्या. आजोबा त्या पेटीला शेवटपर्यंत ‘ढवळ्या’ म्हणत.

ही पेटी इतकी जड का, हे मी लहानपणी काकांना विचारले होते. ते म्हणाले, “खालचा सूर आहे ना, म्हणून.” उत्तर चमत्कारिक वाटले, पण पुढे पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या एका स्नेह्याने उलगडून सांगितले तेव्हा ते अक्षरशः खरे आहे असे कळले. बास गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. एवढ्या खालच्या सुराला आपला कान थोडा बधिरच असतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघा संशोधकांनी 1933 साली हे मोजून दाखविले. म्हणजे वरच्या सुराइतकाच तो ऐकू यावा असे वाटत असेल, तर त्यामागे कितीतरी अधिक शक्ती लावली पाहिजे. दुसरे असे, की व्हॉल्व्हमधून येणाऱ्या विजेचा दाब मोठा आणि प्रवाह थोडा. स्पीकरला हवे असते याच्या नेमके उलट. दोघांची सोयरीक जुळविण्यासाठी मध्ये एक ट्रान्सफॉर्मर बसवावा लागतो, लोखंडी पत्र्यांच्या चळतीवर तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे घातलेला. सूर जितका खाली, तितका त्याचा प्रत्येक हेलकावा लांब. आणि हेलकावा जितका लांब, तितके चुंबकत्व त्या लोखंडात साठत जाते. लोखंड थोडे असेल तर ते तुडुंब भरते आणि सूर फाटतो. म्हणून खर्जासाठी लोखंड जास्त घालावे लागते. अँप्लिफायर जड आहे तो कारागिराच्या अडाणीपणामुळे नव्हे. खोल सुराने मागितलेली ती किंमत आहे.

आमच्या भजनकऱ्यांना हे विजेवाचून ठाऊक आहे. मृदंगाच्या डाव्या पुडीवर भिजवलेली कणीक थापल्याखेरीज ती पुडी बोलत नाही; कणकेचे वजन पडले म्हणजे मगच आवाज खाली उतरतो आणि देवळाच्या खांबांतून घुमू लागतो. यातली एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. ती कणीक कायमची नसते. भजन संपले की ती खरवडून काढतात, आणि दुसऱ्या दिवशी वाजवायचे असेल तर ताजी लावतात. वाळलेल्या कणकेचा मृदंग खुंटीला शोभून दिसेल, पण वाजणार नाही.

इतके समजल्यावर पेटीविषयी माझे ममत्व वाढले, हे सांगावयास नकोच. ठेवावी, असा माझा कौल होता. अमरावतीस माझे बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर आहे आणि त्या इमारतीस लिफ्ट नाही, ही अडचण मला गौण वाटत होती. दिवाणखान्यात पुस्तकांच्या कपाटाशेजारी ती ठेवावी, वर एखादी फुलदाणी असावी, आल्यागेल्याने विचारावे आणि मी काकांची, ढवळ्याची आणि खर्जाची हकीकत सांगावी, असा बेत मी मनाशी रचला होता. पुण्याहून माझ्या चिरंजीवांचे मत आले ते असे: हल्ली दोन-तीन किलोंच्या डबीतून पाचशे वॅट निघतात, विजेला सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद केले म्हणजे एवढ्या लोखंडाचे काम पडत नाही, सबब त्या पेटीला आता केवळ रद्दीची किंमत आहे. विज्ञान म्हणून त्याचे म्हणणे बिनचूक होते. तथापि, ‘काम पडत नाही’ या कसोटीवर घरातल्या वस्तू लावू लागलो, तर माणसांवर येऊन पोहोचायला वेळ लागायचा नाही.

काकूंचे मत मात्र मी गृहीत धरले होते. पतीची एवढी मोठी आठवण त्या डोळ्यांआड कशा होऊ देतील, असे मला वाटे. त्या तांदूळ निवडीत होत्या, सूप खाली न ठेवता म्हणाल्या, “विकून टाक.”

मी म्हटले, “काकू, काकांचा सगळा जीव त्यात होता.”

“होता ना. म्हणूनच. तुला काय बापू, तू ते ऐकलंस. तू चिखलीला गेलास, खामगावला गेलास, पुढे बसून ऐकलंस. मी ते एकदाही ऐकलं नाही. ते वाजायचं तेव्हा मी इथं असायची. गुरं होती, सासूबाई होत्या, पोरं होती. मला त्याचा एकच आवाज ठाऊक. पहाटे टेम्पो यायचा, आणि ते ओट्यावर टेकवलं की धप्प वाजायचं. मग मी चहा टाकायची.”

यावर मजपाशी उत्तर नव्हते. एकाच वस्तूच्या दोघांना दोन आठवणी असाव्यात, हे काही नवीन नाही. पण येथे एकाला तिचा सूर आठवत होता आणि दुसऱ्याला तिचे वजन. आणि या घरात ती वस्तू कोण सांभाळत आले होते, हे निराळे सांगण्याची गरज नव्हती.

विकायचे तर वस्तू चालते की नाही हे पाहिले पाहिजे, म्हणून जालन्याहून एक जुने कारागीर आले. आयुष्यभर रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त केलेला हा वृद्ध गृहस्थ पेटीसमोर मांडी घालून बसला, एका हाताने पत्रा उघडला, आणि दुसरा हात त्याने पाठीमागे धरला. आतील विजेचा दाब चारशे-पाचशे व्होल्टचा असतो. दोन्ही हात आत गेले तर प्रवाह छातीतून वाट काढतो, हे त्यांनी मला शांतपणे सांगितले. व्हॉल्व्ह ठीक होते. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी देशात व्हॉल्व्ह बनविले. आता ते स्लोव्हाकिया, रशिया, चीन अशा मोजक्या देशांतून येतात, पण येतात. तांबे आणि लोखंड तर आणखी पन्नास वर्षे टिकेल. “पण हे कंडेन्सर,” ते म्हणाले, “हे न वापरल्यानं मरतात.”

ही गोष्ट मला नवी होती. त्या बारक्या डब्यांत अॅल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर प्राणिदाचा अत्यंत तलम थर असतो. सारे काम तोच करतो. आणि तो थर विजेच्याच आधाराने टिकून राहतो. यंत्र वर्षानुवर्षे बंद राहिले तर तो हळूहळू विरत जातो. मग एक दिवस कोणी उत्साहाने एकदम बटण दाबले, की डबा फुटतो. म्हणून आधी डिमरस्टॅट लावून वीज थोडी थोडी वाढवीत न्यायची, म्हणजे ज्यात धुगधुगी आहे त्यांचा थर पुन्हा धरतो. ज्यांत नाही ते बदलायचे. त्यांनी तसेच केले. दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी सायंकाळी चारही मोठे व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे तांबूस उजळले आणि स्पीकरमधून एक मंद घुमारा आला.

त्या घुमाऱ्याने माझा दिवाणखान्याचा बेत पार धुऊन टाकला. मी ‘ठेवणे’ आणि ‘जपणे’ हे शब्द एकाच अर्थाने वापरीत होतो. या यंत्राच्या कोशात ते विरुद्धार्थी निघाले. फुलदाणीखाली ठेवलेली पेटी म्हणजे सावकाश मारलेली पेटी. आणि आमच्या घरात तिला चालविणारे कोणी नव्हते. मी साहित्य शिकवितो. खर्जाविषयी बोलू शकतो, तो लावू शकत नाही.

गिऱ्हाइके दोन आली. एक पुण्याचे हॉटेलवाले. त्यांना जुन्या वस्तूंनी सजविलेली एक जागा उभारावयाची होती. टाइपरायटर, शिवणयंत्रे, ग्रामोफोन यांच्या रांगेत ही पेटी बसणार होती. वाजते की नाही, हे त्यांनी विचारलेदेखील नाही. त्यांनी चाळीस हजार रुपये देऊ केले. दुसरा छत्रपती संभाजीनगरचा एक तरुण. तो आपली बास गिटार पाठीला लावून मोटारसायकलीवर धाडला आला. त्याच्याजवळ पंचवीस हजार होते, आणि तेही दोन हप्त्यांत.

त्याने तार जोडली आणि वाजविले. ओसरीवरच्या पितळी तांब्यावरचे फुलपात्र किणकिणू लागले. काकू दाराशी उभ्या होत्या. पंचेचाळीस वर्षे ज्याचे ओझे घरात होते, ते त्या प्रथमच ऐकत होत्या. थोडा वेळ ऐकून त्यांनी विचारले, “यात गाणं कुठं आहे?”

तरुण हसला नाही. तो म्हणाला, “गाणं बाकीचे म्हणतात, आजी. हे त्याच्या खाली असतं. थांबलं की मग कळतं.”

“असं,” काकू म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

पेटी कोणाला द्यावी, याविषयी माझ्या मनात आता शंका नव्हती. शंका निराळीच होती. पंधरा हजारांचा फरक कोणी सोसायचा? खोली काकूंची, स्लॅबचा खर्च काकूंचा, पेटीवर हक्कही त्यांचाच. माझ्या रसिकतेसाठी त्यांनी पंधरा हजार सोडावेत, असे म्हणण्याचा मला अधिकार कोणता? एकदा एक बैल याच पेटीपायी गेला होता, आणि त्या वेळी त्या घरातल्या नव्या सुनेला कोणी काही विचारले नव्हते. त्यानंतरही, घरातल्या पुरुषांच्या हौसेची किंमत काकूच चुकवीत आल्या. मला असे वाटू लागले, की जुन्या वस्तूंविषयीच्या आपल्या बहुतेक जिव्हाळ्यात हीच एक गोम असते. जिव्हाळा आपला असतो. धूळ दुसरे कोणी पुसते, जागा दुसऱ्याची अडते, ओझे दुसऱ्याच्या ओट्यावर टेकते. आपण अधूनमधून येतो, गहिवरतो आणि परत जातो. भावनेला किंमत नसते, असे म्हणण्याची पद्धत आहे. किंमत असते; ज्याची भावना त्याने ती द्यावी, एवढाच त्यातला न्याय आहे.

म्हणून पेटी तरुणास दिली आणि कमी पडलेले पंधरा हजार मी काकूंच्या हातावर ठेवले. त्यांनी मजकडे पाहिले, मग नोटा मोजल्या, एकदा आणि पुन्हा एकदा, आणि डब्यात ठेवल्या. नको-नको म्हणण्याचा जो एक शिष्टाचार असतो तो त्यांनी केला नाही, याचे मला फार बरे वाटले. तो त्यांनी केला असता, तर हा व्यवहार पुन्हा भावनेच्या खात्यावर गेला असता. आणि तेथील हिशेब कोणीच नीट ठेवीत नाही.

वस्तू ठेवावी की विकावी, या प्रश्नास एकच एक उत्तर देता येईल असे मला वाटत नाही. आजीची पैठणी पेटीत राहूनही पैठणी राहते. पितळी समई वर्षभर कोनाड्यात राहिली तरी दिवाळीला उजळते. पण काही वस्तू मृदंगाच्या कणकेच्या जातीच्या असतात. त्या रोज नव्याने लावाव्या लागतात. अशा वस्तूंच्या बाबतीत ‘ही कोणाची होती’ हा प्रश्न दुय्यम आहे. ‘ही उद्या कोण लावणार’ हाच खरा प्रश्न. आणि त्याचे उत्तर आपल्या घरात नसेल, तर ते दुसऱ्याच्या घरात शोधणे यात काही वियोग नाही. काकांनी तरी ती पेटी जपली असे नाही. त्यांनी ती टेम्पोत घातली, पावसात भिजविली, रात्र रात्र तापविली, आणि म्हणूनच ती त्यांच्या पश्चात वाजली.

नवी खोली मृगापूर्वी पुरी झाली. काकूंनी तीत खिडकीशी आपली खाट घातली आहे. त्या तरुणाचा दुसरा हप्ता वेळेवर आला. सोबत निरोप होता, की पेटी नेताना त्याच्या मित्राची कंबर धरली आणि तो दोन दिवस निजून होता. मी तो निरोप काकूंना वाचून दाखविला. “बरं झालं,” त्या म्हणाल्या, “आता तिकडं कळेल.”